क्लबच्या कार्यकारिणीची निवडणूक लढवायची आहे? आधी वर्गणीची पावती शोधा

सभासदांच्या वर्गणीवर चालणारा क्लब किंवा जिमखाना म्हटला की सांगली-साताऱ्यात साधारण सारखंच चित्र असतं. टेनिसची दोन मातीची कोर्ट, बॅडमिंटनचा हॉल, टेबल टेनिस, पत्त्यांची खोली, लग्नामुंजीला भाड्याने जाणारा एक सभागृहाचा भाग आणि तीन किंवा पाच वर्षांनी येणारी कार्यकारिणीची निवडणूक. उभं राहायचं ठरलं की पहिला फोन मित्रांना जातो आणि दुसरा बॅनरवाल्याला. खरं तर पहिला फोन क्लबच्या कारकुनाला जायला हवा. या निवडणुका मतदानाच्या दिवशी गाजतात, पण त्यांचा निकाल बराचसा आधीच, कागदांवर लागलेला असतो.

उमेदवारी अर्ज बाद होण्याचं नेहमीचं कारण थकबाकी. सोसायटीज रजिस्ट्रेशन ॲक्ट, 1860 च्या कलम 15 प्रमाणे ज्याची वर्गणी तीन महिन्यांहून जास्त थकली आहे, त्याला मत देता येत नाही आणि तो सभासद म्हणून मोजलाही जात नाही. उमेदवाराला हे लागू आहेच. सूचकाला, अनुमोदकालाही लागू आहे. आणि थकबाकी म्हणजे तुम्हाला आठवते ती नव्हे, खतावणीत दिसते ती. वर्गणी पत्नीच्या किंवा मुलाच्या फोनवरून भरली, बँक स्टेटमेंटला त्यांचं नाव आलं, कारकुनाला ती रक्कम कोणाच्या खात्याला लावायची कळलं नाही आणि ती अनामिक जमेत पडून राहिली, असं हल्ली सर्रास होतं. पैसे क्लबला मिळालेले असतात आणि तुमच्या नावावर मात्र थकबाकी दिसते. म्हणून निवडणुकीच्या निदान दोन महिने आधी क्लबमध्ये जाऊन आपलं खातं डोळ्यांनी बघा, छापील पावती घ्या आणि 'थकबाकी नाही' असा सहीशिक्क्याचा दाखला मागा. सूचक-अनुमोदकांचाही घ्या.

आधी घटना वाचा

आपल्याकडचे बहुतेक असे क्लब दोन कायद्यांखाली नोंदलेले असतात: वर म्हटलेला 1860 चा कायदा आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, 1950. एखादा क्लब कंपनी कायद्याखाली असेल तर कार्यकारिणीऐवजी संचालक मंडळ येतं आणि सगळी तऱ्हा बदलते. सहकारी संस्था असेल तर निवडणूक राज्य सहकारी निवडणूक प्राधिकरणाच्या कक्षेत जाते. त्यामुळे आपला क्लब नेमका कशाखाली आहे हे नोंदणी प्रमाणपत्रावरून पाहून घ्या. पुढचं सगळं पहिल्या प्रकारच्या क्लबसाठी आहे.

क्लबची घटना व नियमावली ऑफिसात मिळते, पण तिथली झेरॉक्स बऱ्याचदा जुनी असते. मधल्या काळातल्या दुरुस्त्या तिच्यात नसतात. सहायक धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातून तिची प्रमाणित प्रत काढा. सातारा आणि सांगली दोन्हीकडे हे कार्यालय आहे. त्याच अर्जासोबत परिशिष्ट 1 चा उताराही मागा. आज सरकारदरबारी विश्वस्त म्हणून कोणाची नावं लागलेली आहेत ते त्यात दिसतं. मागच्या निवडणुकीनंतर नव्या नावांच्या नोंदीसाठी दिलेला बदल अर्ज अजून मंजूर झालेला नसेल, तर त्यात दोन कार्यकारिणींपूर्वीची नावं असू शकतात. तसं असेल तर सावध व्हा. सभेची नोटीस काढायचा अधिकार कोणाचा यावरून वाद तिथेच उभा राहतो.

घटना हातात आली की मतदार कोण ते शोधा. आजीव, वार्षिक, कौटुंबिक, विद्यार्थी, मानद असे पाच-सहा प्रकारचे सभासद असतात आणि सगळ्यांना मत नसतं. कौटुंबिक सभासदत्वाला एक मत की नवरा-बायको दोघांना, हे कलम शब्दशः वाचा. भांडणं याच्यावरच होतात. उमेदवाराला सलग किती वर्षांचं सभासदत्व लागतं, सलग किती वेळा एकाच पदावर राहता येतं, अध्यक्ष-सचिव थेट निवडायचे की निवडून आलेल्या कार्यकारिणीने आपल्यातून ठरवायचे, मुखत्याराने मतदान चालतं का, हेही पाहा. कोरम अपुरा असला तर अर्ध्या तासाने त्याच जागी सभा भरवण्याची पद्धत सगळीकडे आहे. पण घटनेत तसं लिहिलेलं असेल तरच ती ग्राह्य धरा. नाही तर त्या सभेतली सगळी निवडच पुढे अडचणीत येते.

तारखा उलट्या मोजा

क्लबचं हिशेबी वर्ष 31 मार्चला संपतं, लेखापरीक्षणाला सहा महिने मिळतात, म्हणून वार्षिक सर्वसाधारण सभा बहुतेक ठिकाणी सप्टेंबरमध्ये येते. निवडणूकही तिलाच जोडलेली असते. सप्टेंबर म्हणजे गणपती आणि पितृपंधरवडा, आणि सांगलीकरांच्या बाबतीत त्याच्या आधीचे दोन महिने पुराच्या धास्तीचे. पितृपक्षात अर्ज भरायला अनेक जण नाखूश असतात. अर्जाची मुदत त्या पंधरवड्यात संपणार असेल तर मुदतीच्या पहिल्याच दिवशी, पक्ष लागायच्या आधी अर्ज देऊन मोकळं व्हावं. सर्वपित्रीनंतर बघू म्हणणाऱ्यांची मुदत टळते.

सभेच्या तारखेपासून मागे मोजत चला. घटनेत 15 दिवसांची नोटीस असेल, तर नोटीस पाठवल्याचा दिवस आणि सभेचा दिवस दोन्ही वगळून 15 पूर्ण दिवस मिळतात का ते पाहा. त्याच्या आधी मतदारयादीची प्रसिद्धी आणि हरकती, आणि त्याच्याही आधी तुमच्या ओळखीच्या सभासदांनी थकबाकी भरण्याची तारीख. म्हणजे जुलै उजाडला की कामाला लागायचं. नोटीस व्हॉट्सॲपवर टाकली म्हणजे झालं, ही समजूत महागात पडते. घटनेत 'टपालाने' किंवा 'हस्ते पोच घेऊन' असं असेल तर तसंच व्हायला हवं आणि पोच फाईलला लागायला हवी. तुम्ही सत्ताधारी गटात नसलात तरी याकडे लक्ष ठेवा. सदोष नोटिशीवर निवडून आलात, तर पुढे त्याची किंमत तुम्हालाच मोजावी लागणार आहे.

मतदारयादी

कच्ची यादी लागली की ती घरी घेऊन या आणि चार रंगांच्या पेनांनी बसा. मयत आजीव सभासद, ज्यांची नावं वर्षानुवर्षं कोणी काढलेली नाहीत, एका रंगाने. पुण्या-मुंबईला गेलेले दुसऱ्या. दोनदा आलेली नावं तिसऱ्या. एका घरात दोन सुभाष पाटील असले, तर वडिलांचं नाव लावल्याशिवाय कोण मत देणार ते ठरत नाही. आणि चौथ्या रंगाने गेल्या वर्षभरात नव्याने दाखल झालेले. त्यांच्या प्रवेशाचा ठराव कार्यकारिणीच्या इतिवृत्तात आहे का, हे प्रोसिडिंग बुकात तपासायला मागा. निवडणुकीच्या तोंडावर घाऊक सभासद भरती झाली असेल तर ती इथे सापडते.

हरकत नेहमी लेखी, मुदतीत आणि पोच घेऊन. तोंडी सांगितलेल्या हरकतीचा नंतर पुरावा राहत नाही. मयतांची नावं काढायची हरकत घेताना घरच्यांशी आधी एकदा बोला; मृत्यूचा दाखला तेच देतील आणि वडिलांचं नाव चव्हाट्यावर आणल्यासारखंही वाटणार नाही.

अर्ज

अर्जातलं नाव सभासद रजिस्टरात आहे तसंच लिहा, आधार कार्डावर आहे तसं नव्हे. दोन्हींत फरक असेल तर आधीच अर्ज देऊन रजिस्टर दुरुस्त करून घ्या. सूचक आणि अनुमोदक म्हणून एका सभासदाने किती अर्जांवर सही करायची यावर घटनेत मर्यादा असू शकते. लोकप्रिय ज्येष्ठ सभासद भिडेपोटी चार जणांच्या अर्जांवर सह्या करतात आणि मग सगळेच गोत्यात येतात. यावर जुना आणि चांगला उपाय आहे: वेगवेगळ्या सूचक-अनुमोदकांचे दोन अर्ज भरायचे. एक बाद झाला तरी दुसरा उभा राहतो. अनामत रकमेची पावती अर्जाला जोडा, तिची झेरॉक्स स्वतःकडे ठेवा, आणि अर्ज दिल्याची वेळ लिहिलेली पोच घ्या.

छाननीला स्वतः हजर राहा. निवडणूक निर्णय अधिकाऱ्याने अर्ज बाद केला तर कारण लेखी मागा. ते तिथल्या तिथे मिळालं पाहिजे. माघारीच्या शेवटच्या तासाला बिनविरोधसाठी फोन सुरू होतात. बिनविरोध वाईट नाही, छोट्या क्लबमध्ये कटुता टळते. पण कोणत्या अटीवर माघार घेतली ते लिहून घ्यायची सोय नसते, आणि तोंडी शब्दावर मिळणारं स्वीकृत सदस्यपद घटनेत मुळात आहे का, तेवढं तरी पाहून मग सही करा.

मतांचा हिशेब

समजा 11 जागा आहेत, 420 पात्र मतदार आहेत आणि 250 मतदान होईल. दोन पूर्ण पॅनेलांत सरळ लढत असेल तर निवडून यायला साधारण निम्म्याहून थोडी जास्त, म्हणजे 130 च्या आसपास मतं लागतील. अपक्ष आणि तिसरं पॅनेल असेल तर हा आकडा खाली येतो. यादीतल्या प्रत्येक नावापुढे नक्की, बहुतेक आणि दुसरीकडे अशा खुणा करा, फक्त 'नक्की' मोजा आणि त्यातूनही चौथा हिस्सा वजा धरा. रविवारी लग्न निघतं, कोणी गावी जातं. 130 हवी असतील तर 'नक्की'ची खूण 175 नावांपुढे हवी.

मतपत्रिकेचा नियम वाचून ठेवा. काही क्लबांत जितक्या जागा तितकी मतं द्यावीच लागतात, कमी दिली तर मतपत्रिका बाद होते. अशा ठिकाणी 'फक्त मला एक मत द्या' हा प्रचार तुमचीच मतं बाद करतो. जिथे कमी मतं चालतात तिथे अपक्षाला ही विनंती करता येते.

पॅनेलमधून लढायचं की एकट्याने? आमचं मत पॅनेलच्या बाजूने आहे, आणि ते केवळ निवडून येण्यापुरतं नाही. अकरा जणांच्या कार्यकारिणीत एकटा माणूस ठराव मांडू शकतो, पण त्याला अनुमोदक मिळाला नाही तर तो ठराव इतिवृत्तातही नीट उतरत नाही. निदान तिघे तरी हवेत: एक हिशेब वाचू शकणारा, एक मैदान समजणारा, आणि एक कार्यालयांच्या पायऱ्या चढायची चिकाटी असलेला.

जाहीरनामा एका पानाचा, आकड्यांचा

सकाळी सहाला टेनिस खेळणारे आणि रात्री नऊला बॅडमिंटन हॉलमधून घामाघूम बाहेर पडणारे एकमेकांना ओळखतही नाहीत. त्यांच्या तक्रारी वेगळ्या, त्यामुळे दोन्ही वेळांना स्वतः जाऊन ऐका. विश्रामबागेतल्या आणि मिरजेच्या वयस्कर आजीव सभासदांकडे घरी जा. ते खेळायला येत नाहीत, पण मत द्यायला येतात.

'क्लबचा कायापालट' असं छापू नका. सभासद विचारतील असा एखादा प्रश्न घ्या आणि त्याचा हिशेब मांडा. सांगलीत कृष्णाकाठच्या क्लबला पुराचा प्रश्न टाळता येत नाही. आयर्विन पुलाजवळ 40 फुटांना इशारा आणि 45 फुटांना धोका पातळी. ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 57 फुटांवर गेलं होतं. टेनिस कोर्ट बाजूच्या मोकळ्या जागेसह 120 बाय 60 फूट, म्हणजे 7200 चौरस फूट. पूर ओसरल्यावर त्यावर दोन इंच गाळ बसला तर होतात 1200 घनफूट, म्हणजे 12 ब्रास. दोन कोर्टांचे 24. ट्रॉलीत एक ब्रास धरला तर 24 खेपा. हा गाळ ओला-दमट असतानाच फावड्याने ओढला तर खालचा मुरूम वाचतो. उन्हाने वाळून त्याला भेगा पडल्या की तो पोपडे होऊन मुरमाचा वरचा थर घेऊनच निघतो, आणि मग नवा थर, पाणी, रोलर हे सगळं पहिल्यापासून करावं लागतं. म्हणून जाहीरनाम्यात असं लिहा: पुराआधी ट्रॅक्टरवाल्याशी दर ठरवून ठेवू, पाणी उतरल्यावर लगेच गाळ काढू, विजेचा बोर्ड 2019 च्या पाण्याच्या खुणेच्या वर नेऊ, सभासद रजिस्टर आणि प्रोसिडिंग बुकं स्कॅन करून वरच्या मजल्यावर ठेवू. यातलं शेवटचं आश्वासन सर्वांत स्वस्त आहे आणि सर्वांत मोलाचं. रजिस्टर भिजून लगदा झालं की मतदार कोण हेच सिद्ध करता येत नाही. साताऱ्यात पुराऐवजी पावसाचा प्रश्न आहे: मातीची कोर्ट जूनपासून पावसाळाभर बंद, वर्गणी मात्र बारा महिन्यांची. तिथे त्या काळात हॉलच्या वेळा कशा वाटणार याचं वेळापत्रकच छापा.

दोन आश्वासनं देण्याआधी कायदा पाहा. कॅन्टीन किंवा हॉल पाच वर्षांच्या भाडेपट्ट्याने देऊन उत्पन्न वाढवू, असं अनेक जण म्हणतात. 1950 च्या अधिनियमाच्या कलम 36 खाली बिगरशेती जागा किंवा इमारत तीन वर्षांहून जास्त मुदतीने भाडेपट्ट्याने द्यायला धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. कर्ज काढून फ्लडलाइट लावू म्हणत असाल तर कलम 36अ आडवं येतं. कर्जालाही पूर्वपरवानगी हवी. परवानगी मिळणार नाही असं नाही, पण 'निवडून आल्यावर सहा महिन्यांत' हे शब्द तुमच्या हातात नाहीत.

मतदान आणि मोजणी

मतदान सुरू होण्याआधी रिकामी पेटी सर्वांसमोर उघडून दाखवायला सांगा आणि छापलेल्या मतपत्रिकांची संख्या लिहून घ्या. शेवटी वापरलेल्या, उरलेल्या आणि खराब झालेल्या मिळून तोच आकडा आला पाहिजे. तुमचा प्रतिनिधी यादी घेऊन बसेल तो सभासदांना चेहऱ्याने ओळखणारा हवा; तरुण कार्यकर्त्यापेक्षा क्लबचा जुना खेळाडू इथे उपयोगी पडतो. बाद मतांवर दोन्ही बाजूंच्या सह्या घ्या. फेरमोजणी हवी असेल तर निकाल जाहीर होण्याआधी लेखी मागा.

निवडून आल्यानंतरचे 90 दिवस

हार-गुलाल झाला की कोषाध्यक्षासोबत बसून पदभाराची यादी करा: सभासद रजिस्टर, प्रोसिडिंग बुकं, पावतीपुस्तकं (कोरीसुद्धा, क्रमांकासह), चेकबुकं, ठेवपावत्या, डेडस्टॉक रजिस्टर (टिकाऊ सामानाची नोंदवही), जागेची कागदपत्रं, वीज आणि पाण्याची बिलं, सर्व ऑनलाइन खात्यांचे पासवर्ड, किल्ल्या. दोन प्रती, दोघांच्या सह्या. डेडस्टॉकमधल्या वस्तू प्रत्यक्ष मोजा. रोलर, नेट, पंप रजिस्टरात असतात आणि जागेवर नसतात, तर ते आजच लिहून ठेवायचं.

सर्वसाधारण सभेनंतर 14 दिवसांत नव्या कार्यकारिणीची यादी संस्था निबंधकांकडे द्यायची असते. आणि निवडीच्या तारखेपासून 90 दिवसांत 1950 च्या अधिनियमाच्या कलम 22 खाली बदल अर्ज, ज्याला सगळे चेंज रिपोर्ट म्हणतात, धर्मादाय कार्यालयात दाखल करायचा. त्यासोबत सभेची नोटीस आणि ती पोचल्याचे पुरावे, विषयपत्रिका, हजेरीपत्रक, इतिवृत्त, निवडणूक अधिकाऱ्याचा निकाल, नव्या सदस्यांची संमतिपत्रं व प्रतिज्ञापत्रं, परिशिष्ट 1 चा उतारा आणि घटनेची प्रत लागते. जुलैपासून जपलेल्या पोच-पावत्या इथे कामी येतात. आधी तात्पुरती मान्यता मिळते, हरकतींसाठी 30 दिवसांची नोटीस निघते, आणि कोणी हरकत घेतली तर चौकशी सुरू होते. मुदत चुकली तर विलंबमाफीचा अर्ज द्यावा लागतो. बदल मंजूर झाला नाही तर बँक सह्या बदलायला कां-कू करते, आणि पगाराच्या चेकवर हरलेल्या कोषाध्यक्षाची सही घ्यायला त्याच्या दारात जावं लागतं.

मतपत्रिका, काउंटरफॉइल आणि हजेरीपत्रक सीलबंद करून बदल अर्जावर अंतिम आदेश येईपर्यंत जपा. पेटी वरच्या मजल्यावर ठेवा, कपाटाच्या तळाशी नको.